फोटोतलं कोपर

बुधवार शेवटचा दिवस होता, आणि रविवारी सकाळी अकरा वाजता इन्कोरोनाता रवा मळत बसली होती. तिच्या मते घाई करण्यासारखं जगात फारसं काही नसतं. पाणी उकळलं की पास्ता टाकावा, माणूस गेलं की पाद्र्याला बोलवावं. बाकी सगळं थांबू शकतं.

थांबायला तयार नव्हतं ते इंग्लंडचं सरकार. या देशानं युरोपाशी काडीमोड घेतला त्याला दीड वर्ष होत आलं होतं, आणि नवराबायको वेगळे झाले की पाहुण्यांनी कुठं जायचं हा प्रश्न बेडफर्डातल्या घराघरात शिजत होता. तीस जूनच्या आत अर्ज करायचा, आपण इथंच राहतो हे दाखवून द्यायचं, मग कायम राहायचा हक्क मिळणार. वकील इन्कोरोनाताच्या मुलाला, लिबेरातोला, म्हणाला होता की तुमच्या आईइतक्या जुन्या माणसांना हा हक्क कायद्यानं केव्हाच मिळालेला आहे. पण ज्या पासपोर्टावर तो जुना शिक्का होता, तो पासपोर्ट नवा काढताना परत गेला होता. कागद नसला की हक्क असून नसल्यासारखा. वेस्ट इंडीजहून आलेल्या म्हाताऱ्यांना आयुष्य काढल्यावर कागद मागितले गेले आणि त्यांचे काय हाल झाले, ते गावानं पाहिलं होतं. त्यामुळं अर्ज करायचा, हे सगळ्यांचं ठरलं होतं. ठरलं नव्हतं फक्त जिचा अर्ज करायचा तिचं.

"देतील हाकलून तर जाईन," ती म्हणायची. "इटलीत, मोलिझेत माझी बहीण आहे. तिच्याकडं एक खाट रिकामी आहे."

तिची मुलगी असुन्ता मग मनात हिशेब मांडू लागे. बहीण अठ्ठ्याहत्तरची, ऐकू येत नाही, जिना चढवत नाही. आणि मम्मा ब्याऐंशीची. बासष्ट वर्षं ती याच घरात राहिली होती. दर गुरुवारी ती दोन बस बदलून बाबांच्या कबरीवर जात असे, तिथलं गवत स्वतःच्या कात्रीनं कापत असे आणि घरात काय काय चाललंय ते त्यांना मोठ्यानं सांगून येत असे. ती तिकडं गेली तर गुरुवारी कुठं जाईल? आणि एकदा गेलेल्या माणसाला परत येऊ देतील, याची खात्री आता कोण देणार?

गोची झाली होती ती नावांची. इटलीत बाईचं माहेरचं नाव कबरीपर्यंत सुटत नाही. पासपोर्टावर ती इन्कोरोनाता मास्त्रोजोर्जो. बेडफर्डात उतरल्यावर मात्र ती मिसेस वितुल्ली झाली, कारण इथं नवऱ्याचं नाव लावतात. आणि गोळ्या-चॉकलेटांच्या कारखान्यात पहिल्या दिवशी मुकादमीण बाईनं 'इन्कोरोनाता' दोनदा म्हणून पाहिलं, तिसऱ्यांदा हात जोडले, मधलं 'रोना' उचलून उलटवलं आणि रजिस्टरात लिहिलं 'नोरा'. तेच पुढं पगाराला लागलं आणि पेन्शनलाही. मे महिन्यात लिबेरातोच्या मुलीनं, दारियानं, फोनवर पासपोर्ट टेकवला, आजीचा चेहरा त्या गोल चौकटीत बसवला, विमा क्रमांक भरला. फोननं विचार केला आणि सांगितलं की इन्कोरोनाता मास्त्रोजोर्जो नावाची बाई या देशात एक दिवसही राहिल्याचं दिसत नाही.

"बरोबरच आहे की," म्हातारी म्हणाली होती. "कोणी हाक मारली असेल तर ना."

मास्त्रोजोर्जोची वितुल्ली कशी झाली हे दाखवायला लग्नाचा दाखला हवा होता. तो त्रेसष्टच्या थंडीत माळ्यावरचा नळ फुटला तेव्हा भिजून लगदा झाला, असं तिचं म्हणणं. गावाहून नवा मागवू म्हटलं की तिला एकदम गुडघेदुखी सुरू व्हायची. पाणी कुठंतरी मुरत होतं. असुन्ताला वाटे, हा म्हातारपणचा हट्ट. इतकी वर्षं कष्ट केल्यावर दारात उभं राहून 'मला राहू द्या' म्हणायचं तिच्या जिवावर येत असेल.

तर त्या रविवारी लिबेरातो यायच्या आधी चौघं जण मागच्या अंगणात, बाबांनी लावलेल्या द्राक्षाच्या मांडवाखाली बसले होते. अंगणात तीस माणसांपर्यंतच जमायची परवानगी होती, तेवढं साथीनं अजून ठेवलं होतं. टेबलावर पिठाच्या वळ्या होत्या. मम्मा सुरीनं बोटाएवढे तुकडे पाडत होती आणि बाकीचे ते तुकडे बोटांनी दाबून आपल्याकडं ओढत होते, की मधे खोलगट शिंपला होई. कावातेल्ली. असुन्ताचे बरे होत, दारियाचे घाईचे, आणि असुन्ताचा नवरा क्लाइव्ह एकेक इतका मन लावून करत असे की इतरांचे ताटभर होईपर्यंत त्याचे नऊ व्हायचे. पस्तीस वर्षं जावई होता, पण सासूनं त्याला अजून 'तुम्ही'वरून खाली उतरवलं नव्हतं. तो तिची बोली मोडकीतोडकी का होईना बोलायला शिकला, तरी नाही. तो तिला 'मिसेस व्ही' म्हणायचा आणि ती त्याला 'तुम्ही थोडं अजून घ्या' म्हणायची. शत्रूलाही इतका मान कोणी देत नाही.

लिबेरातो उशिरा आला. फरशा बसवण्यात आयुष्य गेलेला हा एकसष्ट वर्षांचा माणूस गुडघे कुरकुरवत बसला आणि खिशातून घडी घातलेला कागद काढला. त्याच्या चेहऱ्यावर मोठं काम फत्ते केल्याचा आनंद मावत नव्हता.

"मम्मा, आता रागावू नकोस. गावच्या कचेरीत आपला चुलतभाऊ आहे ना, त्याला सांगितलं. त्यानं जुनी वही शोधून काढली. दाखला मिळाला."

सुरी थांबली.

"तुला कोणी सांगितलं होतं?"

"कोणी सांगायला कशाला पाहिजे? बुधवार येऊन ठेपला." त्यानं चष्मा लावला आणि वाचायलाही लागला, कारण लिबेरातोला हातात आलेली गोष्ट गुपचूप वाचता येत नाही. "एकोणीसशे एकोणसाठ, अठरा एप्रिल. वधू, मास्त्रोजोर्जो इन्कोरोनाता, वय वीस. वर, वितुल्ली पार्दो, वय सव्वीस..." इथं त्याचा आवाज हळू झाला. "वास्तव्य इंग्लंड. स्वतः गैरहजर. मुखत्यारपत्रानं त्याच्या जागी उभा, त्याचा भाऊ वितुल्ली निकान्द्रो."

शेजारच्या घरात रेडिओ चालू होता. दारियानं विचारलं की गैरहजर म्हणजे काय, नोन्नो, आपले आजोबा, स्वतःच्या लग्नाला नव्हते? लिबेरातोनं कागद उलटून मागं पाहिलं.

असुन्ता आईकडं पाहत होती. मम्मा उठली, हाताचा रवा झटकला आणि पाणी ठेवते म्हणून आत गेली. पाणी ती कधीच ठेवून आली होती.

असुन्ता मागोमाग आत आली. जेवणघराच्या भिंतीवर तो लग्नाचा फोटो होता. असुन्ताच्या जन्माआधीपासून तिथंच. पांढरी ओढणी घेतलेली तरुण मम्मा, हातात फुलं, आणि उजव्या कडेला काळ्या कोटातलं एक कोपर. फक्त कोपर, पुढचा माणूस कात्रीनं कापलेला. बाबांनी ऐन वेळी डोळे मिटले म्हणून कापलं, अशी घरातली गोष्ट होती आणि दर नाताळला त्यावरून बाबांची चेष्टा व्हायची. बाबाही हसायचे. आता असुन्ता त्या कोपराकडं पाहत राहिली. एकोणसाठ वर्षं तिनं ज्याला बाप म्हणून पाहिलं ते कोपर काकाचं होतं.

आणि मग तिला दुसरं आठवलं, आणि ते जास्त लागलं. क्लाइव्ह या गल्लीचा टपालवाला होता. रोज सकाळी पत्रं टाकता टाकता त्याची आणि असुन्ताची गाठ पडली, आणि शहाऐंशी साली दोघांनी सरकारी कचेरीत जाऊन लग्न केलं, कारण घरात विचारायची सोय नव्हती. मम्मा दोन वर्षं बोलली नाही. त्या आधी एकच वाक्य बोलली होती, आणि असुन्ताला ते पाठ होतं. 'मी तुझ्या बापाचा हात धरून देवापुढं उभी राहिले. तू काउंटरपुढं उभी राहिलीस.'

ती स्वयंपाकघरात गेली. मम्मा उकळत्या पाण्याकडं पाहत उभी होती.

"मम्मा," असुन्ता म्हणाली, "तू बाबांना लग्नाआधी किती वेळा पाहिलं होतंस?"

"दोनदा. एकदा जत्रेत, तेही पाठमोरा."

असुन्ताला रागवायचं होतं. बाहेरून आत येईपर्यंत तिनं राग चांगला धरून ठेवला होता. पण 'पाठमोरा' ऐकून तिला हसू आलं, आणि हसू आलं तशी ती स्टुलावर बसली.

मग मम्मानं सांगितलं, पाण्याकडं पाहत. बाबा तेव्हा इथल्या वीटभट्टीवर होते. सुट्टी घेतली तर काम जाणार, आणि लग्न न झालेल्या मुलीला तिचा बाप परदेशी पाठवणार नाही. मग निकान्द्रो उभा राहिला. त्यानं हो म्हटलं, अंगठी घातली. त्याच्या तोंडाला लसणाचा वास येत होता. जेवणाच्या वेळी तिच्या शेजारच्या खुर्चीवर दारूच्या बाटलीला टेकवून पार्दोचा फोटो ठेवला होता, आणि बाया विचारत होत्या, जावईबापू जेवत का नाहीत? रात्री ती आईजवळ झोपली. जूनमध्ये दोन दिवस गाडीत बसून इथं उतरली. फलाटावर एक माणूस तिचा फोटो हातात धरून उभा होता, फोटोपेक्षा बुटका, दोन्ही हातांना फडकी गुंडाळलेली, कारण भट्टीतल्या गरम विटांनी हात पोळले होते.

"मला म्हणाला, 'तुम्हीच का?' मी म्हटलं, 'मीच.' एवढं बोलून आम्ही घरी आलो."

"तुम्ही?"

"मग काय? ओळख ना पाळख. वर्षभर आम्ही एकमेकांना तुम्ही म्हणत होतो. तुम्ही मीठ घ्या, तुम्ही दिवा घालवा." तिनं गॅस कमी केला. "लिबेरातोच्या वेळी कळा सुरू झाल्या, मी ओरडायला लागले, तेव्हा माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाला, 'तू घाबरू नकोस.' पहिल्यांदा तू म्हणाला. माझं लग्न त्या दिवशी झालं, असुन्ता. वहीत काही लिहू देत."

असुन्ताच्या डोळ्यांना पाणी आलं, आणि तिनं ते पुसलं नाही. इतकं सुंदर काही आईनं इतकी वर्षं लपवून ठेवलं होतं, आणि त्याच्या जागी देवळाची गोष्ट भिंतीवर टांगली होती.

"मग काकाला का कापलंस?"

"तो वाईट नव्हता बिचारा. पण जो माझा नव्हता तो भिंतीवर कशाला? कोपर राहिलं, कारण ते कापलं असतं तर माझी फुलं गेली असती."

"आणि मला ते का बोललीस? हात धरून, देवापुढं?"

मम्मानं पाण्यात मूठभर मीठ टाकलं.

"तू आपला माणूस आपण निवडलास. मला तसं करता आलं असतं असं माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. मला फार राग आला होता. तुझा नाही. पण समोर तूच होतीस." मग हळूच विचारलं, "तुमच्या लग्नाला साक्षीला कोण होतं?"

"रस्त्यावरून बोलावलेले दोघं. एक बसचा ड्रायव्हर आणि एक बाई. नावं आठवत नाहीत."

"मी असायला पाहिजे होतं," मम्मा म्हणाली.

पस्तीस वर्षं असुन्ता याच चार शब्दांची वाट पाहत होती. तिनं आईचा रव्यानं भरलेला हात धरला आणि विचारलं, "या कागदासाठीच अर्ज अडवून धरला होतास? आम्हाला कळेल म्हणून तू देश सोडून जायला निघाली होतीस?"

"लिबेरातोला नाही गं. तुला."

दोघी बाहेर आल्या तेव्हा मांडवाखाली वाद रंगला होता. दाखला तर मिळाला, पण त्यानं निम्मंच काम झालं होतं. मास्त्रोजोर्जोची वितुल्ली झाली. पण नोरा कोण? पेन्शन नोराची, दवाखाना नोराचा, आणि विजेचं बिल अजून नऊ वर्षांपूर्वी वारलेल्या पार्दोच्या नावावर, कारण मम्मानं ते बदलू दिलं नव्हतं. लिबेरातो म्हणत होता, आपण सगळे लिहून देऊ. दारिया म्हणत होती, पोरंबाळं लिहूनच देणार, त्याला वजन काय? आजीला दोन्ही नावांनी ओळखणारं, बाहेरचं कोणीतरी हवं. कारखान्यातल्या मैत्रिणी सगळ्या वर पोचलेल्या.

क्लाइव्हनं हातातली कावातेल्ली पूर्ण केली, इतरांशेजारी ओळीत ठेवली आणि मग बोलला.

"मी देऊ शकतो."

"तू घरातलाच," लिबेरातो म्हणाला.

"तेव्हा नव्हतो. चौऱ्याऐंशीपासून या गल्लीची पत्रं माझ्याकडं होती. इटलीहून जाड पत्र यायचं, बहिणीचं, त्यावर इन्कोरोनाता मास्त्रोजोर्जो. कारखान्याचं आणि टॅक्सचं यायचं, त्यावर नोरा वितुल्ली. पहिले सहा महिने मला वाटलं, घरात दोन बायका आहेत आणि एक कधी दाराशी येत नाही. मग एकदा सहीची दोन पत्रं एकाच दिवशी आली. मी म्हटलं, दुसरीला बोलवा. मिसेस व्हींनी माझ्याकडं असं पाहिलं की जणू मी काही चोरलंय. दोन्हीवर त्यांनीच सही केली." तो लाजल्यासारखा हसला. "दोन्ही नावांची पत्रं मी एकाच हातात दिलीत. या हातात. तेवीस वर्षं, ही गल्ली बदलेपर्यंत. हे माझ्याइतकं कोणाला माहीत असणार?"

म्हातारी त्याच्याकडं बघत होती. ताकाला जाऊन भांडं लपवलं ते लपवलं, आणि ताक देणारा घरातच पस्तीस वर्षं शिंपले वळत बसला होता. तो घरात आला तेव्हापासून बहुधा पहिल्यांदाच तिनं त्याला वाढायचं सोडून नुसतं पाहिलं.

दारियानं कागद आणला. क्लाइव्हनं टेबलाचा कोपरा पुसून घेतला आणि त्याच्या त्या सरळ टपाली अक्षरात लिहायला लागला. मी, खाली सही करणारा. किती साली, कुठली गल्ली, कोणत्या दाराला. मधेच थांबून त्यानं विचारलं, नाव कुठलं आधी लिहू?

"पूर्ण," ती म्हणाली. "इन्कोरोनाता. आणि घाई करू नका, चुकेल."

त्यानं लिहिताना तोंडानं म्हटलं, इन-को-रो-ना-ता, पाचही तुकडे. एकही गळला नाही. बाबा गेल्यापासून या घरात ते पूर्ण नाव कोणी म्हटलं नव्हतं, हे असुन्ताच्या त्या क्षणी लक्षात आलं.

शेवटी एक ओळ उरली. अर्जदाराशी तुमचं नातं. क्लाइव्हचं पेन वर राहिलं. सवयीनं त्यानं सासूकडं पाहिलं, आणि बेतानं विचारलं, "काय लिहू, मिसेस व्ही? माजी टपालवाला लिहिलं तर वजन जास्त पडेल."

"जावई लिही," ती म्हणाली.

लिबेरातोच्या काही लक्षात आलं नाही, तो चष्मा शोधत होता. क्लाइव्हच्या आलं. त्याचे कान लाल झाले, आणि तो बराच वेळ खाली मान घालून एक छोटासा शब्द लिहीत राहिला.

दारियानं दाखल्याचा फोटो घेतला, पत्राचा घेतला, दोन्ही वर चढवले. मग स्क्रीनवर शेवटची चौकट आली. वरील सर्व माहिती खरी आहे, मी कबूल करते. त्याखाली पाठवायचं बटण. दारिया म्हणाली, "नोन्ना, तुझ्या वतीनं मी दाबते," आणि बोट पुढं केलं.

म्हातारीनं तिचा हात बाजूला केला.

"तेव्हा तुझ्या आजोबांच्या वतीनं दुसऱ्यानं हो म्हटलं होतं. माझं हो मीच म्हटलं होतं," ती म्हणाली. "आताही मीच म्हणणार."

तिनं बटण दाबलं. काही झालं नाही, बोटाला रवा होता. तिनं बोट ॲप्रनला नीट पुसलं आणि पुन्हा दाबलं.